मिस्त्रींचा न सापडणारा बिघाड

माणूस माझ्या स्वयंपाकघरात गुदमरत होता, आणि त्याला टोचायचं इंजेक्शन मी माझ्याच अंगठ्यात टोचून घेतलं. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. त्यांचं चुकत नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीही हसलो असतो, वर चार ठिकाणी मीठमसाला लावून सांगितलं असतं.

आमचा फ्रिज चार दिवस घरघरत होता म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आमच्या भिंतीला लागूनच आहे, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि वहिनी राहतात. मिस्त्री आले, एका हाताने फ्रिज ओढून तिरका केला आणि त्याच्या पाठीमागे उकिडवे बसले. मी शेजारी उभा राहून मदत करू लागलो, म्हणजे बोलू लागलो. पाचएक मिनिटांत ते तळहात खाजवायला लागले. मग मान. मग उठून भिंतीला टेकले. ओठ सुजत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत सुजत होते. "मास्तर," एवढंच म्हणाले, तेही उशीखालून बोलल्यासारखं. पुढचं त्यांनी बोटाने दाखवलं: हत्यारांच्या पिशवीचा बाहेरचा कप्पा.

त्या कप्प्यात काय असतं ते मला पाठ होतं. जाडसर पेनासारखी एक नळी, आत औषध आणि सुई. असा झटका आला की ती मांडीत टोचायची. वहिनींनी मला दोनदा शिकवलं होतं, सरावाच्या नळीने, उशीवर. टोपी काढा, मांडीवर जोरात दाबा, दहा मोजा, पँटवरून चालतं. दोन्ही वेळा मी उशीचे प्राण वाचवले होते. आता टोपी काढली. ज्या टोकाची टोपी निघते त्याच टोकातून सुई येणार, असं कुठल्याही शिकल्यासवरल्या माणसाला वाटेल. या नळीत ते नेमकं उलटं असतं. मी दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवला आणि सगळा जोर लावून दाबलं.

माझी किंकाळी ऐकून वहिनी धावत आल्या. त्यांच्या हातात दुसरी नळी होतीच. त्यांनी ती मिस्त्रींच्या मांडीत टोचली, ओठ न हलवता दहा मोजले, नळी बाजूला ठेवली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसा."

रुग्णवाहिकेत आम्ही दोघंही गेलो. दवाखान्याच्या दारात नर्सने विचारलं, "यातले पेशंट कोण?"

"हे मुख्य," वहिनी म्हणाल्या, "आणि हे सोबत आलेत."

माझा अंगठा मेणबत्तीसारखा पांढराफटक पडला होता आणि छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं, मुख्य पेशंट मीच. मला कोमट पाण्याच्या भांड्यात अंगठा बुडवून बसवलं. पडद्यापलीकडे मिस्त्री तोंडावर मास्क लावून पडले होते. दीड-दोन तासांनी त्यांनी मास्क जरासा उचलला आणि पहिलं वाक्य बोलले.

"मास्तर, सूचना नीट वाचा, मग पेपर सोडवा, असं पोरांना कोण सांगतं हो?"

मी हसलो. वहिनीही हसल्या. तेवढ्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि उभ्या उभ्या विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

मिस्त्री छताकडे बघायला लागले. मी अंगठ्याकडे.

हे असं का झालं ते कळायला आधी मिस्त्री कळायला हवेत.

त्यांची माझी ओळख झाली तीही माझ्याच पराक्रमाने. पंधरा वर्षांपूर्वी मी फ्रिजरमधला बर्फ सुरीने खरवडत होतो. फुस्स आवाज झाला आणि फ्रिजने मान टाकली. मिस्त्री आले, पत्र्यातलं भोक बघितलं.

"कुणी केलं?"

"आपोआप झालं," मी म्हणालो.

"आपोआप काही होत नाही. सुरी कुठाय?"

सुरी दाखवावी लागली. माणूस काटक, बुटका, कानावर पेन्सिल. फ्रिज तपासताना त्याच्या कुशीला गाल लावून, डोळे मिटून ऐकायचे, आणि चेहऱ्यावर असा भाव की फ्रिज काहीतरी घरगुती सांगतोय. सांगतही असावा. साऱ्या गल्लीचं अंतरंग त्यांना ठाऊक. कोण डाएटवर आहे म्हणतं आणि केक कुठे दडवतं, कोणत्या घरात दोघांचं लोणी वेगवेगळं असतं, सगळं. पण बोलायचे नाहीत. मला एकदाच म्हणाले, "मास्तर, तुमच्या फ्रिजात औषधं जास्त, भाज्या कमी. उलटं करा." यावर आमची ही इतकी खूश झाली की महिनाभर रोज हिरवं काहीतरी शिजत होतं.

धंद्यात त्यांचा एक नियम होता. गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, नुसता भरून द्या ना, पाहुणे यायचेत." मिस्त्री म्हणायचे, "मग भरणाऱ्याकडे जा. मी शोधणारा आहे." साबणाचा फेस करायचा, ब्रशने नळीच्या प्रत्येक सांध्याला लावायचा आणि बुडबुडा यायची वाट बघायची. बुडबुडा आला की असे हसायचे, जणू हरवलेला नातेवाईक भेटला.

आणि काही फ्रिज असतात लबाड. घरी बंद पडतात, दुकानात आणले की शहाण्यासारखे चालतात. त्यांच्यासाठी वेगळी रीत. फ्रिज चालू करायचा, समोर स्टूल टाकायचं आणि बसायचं. "बिघडेपर्यंत हात लावायचा नाही, मास्तर. हात लावला की दोष लपतो." एका फुलवाल्याच्या फ्रिजसमोर ते सहा दिवस बसले होते. सातव्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले ते हातात बोटभर वायर घेऊन. आतून तुटलेली, पण थरथरली तरच सुटणारी. बारशाला बाळ दाखवावं तशी त्यांनी ती मला दाखवली.

अशा माणसाला कारण नसलेलं दुखणं जडलं.

पहिला झटका तीन वर्षांपूर्वी, साध्या मंगळवारी, दुकानात. अंगभर गांधी, घशाला सूज, रक्तदाब खाली. वाचले. पण त्यानंतर ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार. वहिनी म्हणाल्या, गॅस. आमची ही म्हणाली, शेंगदाणे. मी म्हणालो, साबण. डॉक्टरांनी दोन्ही हातांवर आणि पाठीवर मिळून साठेक ठिकाणी टोचून बघितलं. एकही ठिपका फुगला नाही. मिस्त्री पाठ आरशात बघून म्हणाले, "एवढे सांधे तपासले, एक बुडबुडा नाही."

मग आम्ही वही केली. आम्ही म्हणजे मीच. रेघा मी मारल्या, रकाने मी पाडले. तारीख, वेळ, काय खाल्लं, कशाला हात लावला, कसला वास आला, इतर. हयातभर मी पोरांना 'कारणे द्या' लिहायला लावलंय. कारण नसलेला प्रश्न पेपरात येऊच शकत नाही अशी माझी धारणा. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. शेजारी एवढं चाललंय आणि आपण निदान रेघा तरी सरळ मारतोय.

मिस्त्रींनी एकेक गोष्ट सोडली. शेंगदाणे गेले, अंडी गेली, मासे गेले, दूध गेलं. साबण बदलला. मांजर मेव्हणीकडे गेलं, उशी कचऱ्यात गेली. एक झटका वहिनींशी भांडण झाल्यावर आला होता, म्हणून भांडणंही सोडली. तीन आठवडे झाले तेव्हा वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरात करमत नाही हो. काही बोललं तरी नुसतं 'बरं' म्हणतात." शेवटी एके दिवशी त्यांनी फक्त उकडलेला बटाटा खाल्ला, उकळलेलं पाणी प्याले, आणि काही न करता खुर्चीत बसले. पावणेअकराला घसा सुजला. त्या दिवशी तारीख, वेळ आणि बटाटा सोडून मी वहीच्या प्रत्येक रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. तीन वेळा.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. रक्ताचा कागद समोर ठेवून म्हणाल्या, "पांढऱ्या पेशींत एक जात असते, शंभरात दोन-चार असाव्यात. तुमच्या चाळीस आहेत. त्यांचं काम बाहेरच्याशी लढायचं. तुमच्या अंगात त्या घरच्यांवरच उठल्यात. फुफ्फुसात त्यांचे डाग दिसतायत. आतड्यात असतील. हृदयात गेल्या तर वाईट."

"आणि झटके?" वहिनींनी विचारलं.

"त्यांचा यांच्याशी संबंध असेल. नसेलही. ते मला नक्की सांगता येत नाही."

"पण हे होतंय कशामुळे?" मिस्त्रींनी विचारलं.

"माहीत नाही."

"कधी कळेल?"

"कदाचित कधीच नाही. पण कारण न कळताही गोळ्या काम करतात. रोज घ्यायच्या. मनाने बंद करायच्या नाहीत, एकदम तर मुळीच नाही."

मिस्त्री मान हलवून बाहेर आले आणि पायऱ्या उतरताना मला हळूच म्हणाले, "गळती न शोधता गॅस भरतायत."

गोळ्यांनी काम केलं, हे मान्य करायला हवं. पाच महिने एक झटका नाही. फक्त मिस्त्रींचा चेहरा चपातीसारखा गोल फुगला, भूक राक्षसाची झाली आणि राग नाकावर येऊन बसला. वहिनी मात्र खूश. "भांडतायत परत," असं त्या कौतुकाने सांगायच्या.

मग एका दुपारी दुकानात, उघड्या फ्रिजमध्ये डोकं घालून मिस्त्री म्हणाले, "मास्तर, गोळ्या बंद केल्यात. सतरा दिवस झाले."

"का?"

"दोष लपतोय त्यांनी. बिघडल्याशिवाय दिसणार कसा? चालू ठेवायचं, हात लावायचा नाही, समोर बसायचं." डोकं बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वही लागेल. नवी."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला कळलं तर धरून भरवेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला कारण कळायला हवंय. आहे ना?"

होतं. ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. शिवाय एवढा मोठा कारागीर आपल्याला विश्वासात घेतोय, याचंही आतून बरं वाटलं. मी फक्त विचारलं, "धोका नाही ना फार?" ते म्हणाले, "धोका कसला? पेनं आहेत दोन. फार तर दूध नासेल." आणि मी घरी जाऊन नवी वही काढली, पट्टी घेतली, रेघा मारल्या.

पाच आठवडे मी ती वही लिहिली. दोनदा गांधी उठल्या, लिहिलं. पाय संध्याकाळी सुजले, लिहिलं. 'इतर' या रकान्यात तिसऱ्या आठवड्यापासून एक नोंद वारंवार यायला लागली: पायऱ्या चढताना धाप. वळणदार अक्षरात, अकरा वेळा. आमच्या शोधाशी तिचा काही संबंध नाही असं दोघांचंही मत पडलं. खाणं नाही, वास नाही, स्पर्श नाही. धाप काय, वयाने लागते.

आणि मग माझा फ्रिज घरघरला.

तर डॉक्टरीणबाई पलंगापाशी उभ्या होत्या आणि मिस्त्री छताकडे बघत होते. वहिनींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भावजी?"

मी सगळं सांगितलं. अंगठा पाण्यात ठेवूनच सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. वहिनींनी फक्त विचारलं, "वहीत लिहीत होतात?"

"हो."

"रेघा मारून?"

"हो."

"छान," त्या म्हणाल्या, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या 'छान'पेक्षा चार थोबाडीत बसल्या असत्या तर परवडलं असतं.

वही मागवली गेली. डॉक्टरीणबाईंनी ती चाळली, 'इतर'वर बोट ठेवलं, आणि हृदयाची तपासणी त्याच दिवशी करायला सांगितली.

ती तपासणी मी बघितली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर काहीतरी उघडमीट करत होतं आणि त्यातून लाल-निळे झोत जात-येत होते. मिस्त्री कुशीवर पडून मान वळवून पडद्याकडे बघत होते. त्यांना राहवलं नाही.

"बाई, तो निळा झोत उलटा का जातोय?"

"झडप नीट मिटत नाहीये. तिथून रक्त मागे गळतंय."

"गळती!" मिस्त्री कोपरावर उठलेच. "मास्तर, सापडली!"

त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद होता. फेसातला बुडबुडा बघितल्यावरचा. वहिनी तोंड दाबून बाहेर निघून गेल्या.

"झोपा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज मऊ ऐकला. "ही गळती म्हणजे कारण नाही. हा परिणाम आहे. त्या पेशी हृदयात शिरल्यात. आतलं अस्तर जाड झालंय, कडक झालंय. तीन महिन्यांपूर्वी तुमची हीच तपासणी केली होती, तेव्हा यातलं काहीही नव्हतं."

"म्हणजे गोळ्या चालू असत्या तर..."

"बहुतेक झालं नसतं."

"परत येईल पहिल्यासारखं?"

"थोडं. सगळं नाही."

तीन वर्षांत 'कारणे द्या'चं तेवढं एकच उत्तर आम्हाला मिळालं. हृदय का बिघडलं, याचं. बाकी सगळं होतं तसंच कोरं.

आता मिस्त्री घरी आहेत. गोळ्या आहेत, महिन्याला एक इंजेक्शन आहे, रक्त पातळ ठेवायचं औषध आहे. दुकान अजून उघडतं, पण कुठलाच फ्रिज आता एका हाताने हलत नाही. दोन्ही हातांनीही नाही. ते खुर्चीत बसतात, गिऱ्हाईक येऊन फ्रिजचं दुखणं सांगतं, आणि ते सुटे भाग मांडीवर घेऊन दुरुस्त करतात. मधेच थांबतात. दम खातात. दुकानातून मागच्या खोलीत जायला पाच पायऱ्या आहेत. तिसरीवर उभे राहून ते भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. गेल्या वर्षीचं आहे. वहिनी काढत नाहीत, कारण थांबायला काहीतरी निमित्त हवं असतं.

मला काय करता येईल ते मी विचारत असतो. औषधं आणतो, तर वहिनींनी ती आदल्या दिवशीच आणलेली असतात. एकदा मी वर्तमानपत्रात आलेला ॲलर्जीवरचा लेख कापून नेला. वहिनींनी तो वाचला, नीट घडी केली आणि म्हणाल्या, "भावजी, आता कारणं नकोत." मध्यंतरी एक झटका आला. गोळ्या चालू असताना, खिडकीतून बाहेर बघत असताना. वहिनींनी नळी टोचली, दहा मोजले, गाडी बोलावली. मला हाक मारली नाही. मी आवाज ऐकून गेलो तोवर गाडीचं दार लागलं होतं, आणि मी चपला न घालता फुटपाथवर उभा राहिलो.

परवा वहिनींना त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. तासाभरासाठी मला दुकानात बसवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "नुसते बसा. काही झालं तर आधी मला फोन करा, मग गाडीला, आणि नळी तुम्ही—" मग विचार केला, माझा हात धरला, आणि सरावाची नळी काढून माझ्याकडून पाच वेळा उशीवर करून घेतलं. मिस्त्री बघत होते. पाचव्यांदा म्हणाले, "पास. ढकलत ढकलत."

त्या गेल्या. दुपार होती, रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं. मिस्त्री मांडीवर एक थर्मोस्टॅट घेऊन त्याचा बारीक स्क्रू फिरवत होते. दोन फेरे, मग दम. दोन फेरे, मग दम. मी हवेबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो, नव्या मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवली. ते हसले, खोकले, परत स्क्रूकडे वळले. जे विचारायचं होतं ते मी दोन महिने पुढे ढकलत होतो.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुम्ही मला सांगितलंत, गोळ्या बंद केल्या म्हणून. त्याच दिवशी मी वहिनींना सांगितलं असतं तर?"

त्यांनी स्क्रू पुरता बसवला. पुसला. मग मान वर न करता म्हणाले,

"तर मी तुमच्याशी जन्मभर बोललो नसतो, मास्तर, आणि माझं हृदय धड राहिलं असतं."